डोळ्यात टोचलेले प्रतिजैविक जाते कुठे?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांच्या डोळ्यांत जंतुसंसर्ग झाल्याची बातमी अधूनमधून येते. त्या बातमीत ‘रुग्णांच्या डोळ्यांत प्रतिजैविकांची इंजेक्शने देण्यात आली’ असे एक वाक्य हमखास असते आणि मग मजकूर चौकशी, जबाबदारी, नुकसानभरपाई यांकडे वळतो. वाचक मात्र त्या एका वाक्यापाशीच अडखळलेला असतो, कारण डोळ्यात सुई घालून औषध सोडतात ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे. ज्यांच्या घरात असा रुग्ण असतो, त्यांना त्याहून पुढचा प्रश्न पडतो. पहिल्या इंजेक्शननंतर दीड-दोन दिवसांनी डॉक्टर डोळा पुन्हा तपासतात आणि दुसरे इंजेक्शन द्यायचे की नाही हे ठरवतात. कधी आधीच्या दोन औषधांपैकी एकच पुन्हा देतात, कधी काहीच देत नाहीत. हे ठरते कशावरून?

या निर्णयामागे बऱ्याच गोष्टी असतात. त्यांतली सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट अशी की टोचलेले औषध डोळ्यात कायमचे राहत नाही. ते ठराविक वाटांनी बाहेर पडत राहते, आणि डोळा सुजलेला असला की त्या वाटाच बदलतात. यात एक चमत्कारिक भाग आहे. एकाच सुजेमुळे एक औषध लवकर निघून जाते आणि दुसरे उलट जास्त वेळ रेंगाळते. हा उलटसुलट प्रकार समजला की बाकीचे आपोआप उलगडते.

डोळा आतून कसा आहे

डोळ्याच्या गोळ्यातील मोठी पोकळी एका पारदर्शक, थलथलीत पदार्थाने भरलेली असते. डॉक्टर त्याला व्हिट्रियस म्हणतात. आपण त्याला ‘जेल’ म्हणू. हे जेल जवळजवळ सगळे पाणीच असते; त्यात कोलॅजेनचे अतिसूक्ष्म धागे आणि हायलुरॉनिक आम्ल असल्यामुळे ते वाहून न जाता आकार धरून राहते. प्रौढ माणसाच्या डोळ्यात ते सुमारे ४ मिलिलिटर, म्हणजे चहाच्या लहान चमच्यापेक्षाही थोडे कमी असते. जेलच्या मागे आणि बाजूंनी दृष्टिपटल, म्हणजे बोलीभाषेतला ‘डोळ्याचा पडदा’, अस्तरासारखा लागलेला असतो. जेलच्या पुढे भिंग, त्याच्या पुढे रंगीत बुबुळ आणि सर्वांत पुढे पारदर्शक काच. बुबुळ आणि काच यांच्यामधल्या जागेत एक पाझरते पाणी असते. त्याचा अश्रूंशी काही संबंध नाही.

या पोकळीत जिवाणू शिरले आणि वाढू लागले, की त्या आजाराला एंडोफ्थाल्मायटिस म्हणतात. जेलमध्ये रक्तवाहिन्या नसतात, पांढऱ्या पेशींची नेहमीची गस्त नसते, आणि जिवाणूंना हवे असलेले उबदार, ओले वातावरण मात्र असते. त्यामुळे आक्रमक जिवाणू असतील तर एक-दोन दिवसांत दृष्टी जाऊ शकते.

मग गोळी किंवा थेंब का चालत नाहीत? थेंबांचे उत्तर सोपे आहे. डोळ्याच्या पृष्ठभागावर टाकलेले औषध अश्रूंबरोबर वाहून जाते, आणि जे थोडे आत शिरते ते पुढच्या पाण्यापर्यंत पोहोचते. मागच्या जेलमध्ये त्याचा उपयोगी अंश पोहोचत नाही. गोळी किंवा शिरेतल्या इंजेक्शनचे औषध रक्तातून येते, आणि रक्त व डोळा यांच्यामध्ये शरीराने एक काटेकोर तटबंदी उभारलेली आहे. पडद्यातल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की त्यांच्या फटींतून फारसे काही पाझरत नाही. पडद्यामागे रंगद्रव्य असलेल्या पेशींचा एक थर आहे, त्याच्याही पेशी अशाच सांधलेल्या असतात. मेंदूला असे संरक्षण असते हे पुष्कळांना ठाऊक असते. डोळ्याचा पडदा हा मूळ मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे, तेव्हा त्यालाही ते असावे यात नवल नाही.

दोन थेंबांचे औषध

एवढी तटबंदी असेल तर उपाय एकच उरतो, औषध थेट आत नेऊन ठेवणे. भूल दिल्यावर केसासारख्या बारीक सुईने, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागे, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून औषध जेलमध्ये सोडतात. जागा अशी नेमकी ठरलेली असते, कारण तिथे सुई भिंगाला लागत नाही आणि पडदाही अजून सुरू झालेला नसतो. एका औषधाचे प्रमाण असते ०.१ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दोन थेंब. याहून जास्त द्रव घातला तर बंद गोळ्यातला दाब वाढतो.

सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या जोडीत व्हँकोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम असते. पहिले एका गटातल्या जिवाणूंवर चालते, दुसरे दुसऱ्या गटातल्या. कोणता जिवाणू आहे हे पहिल्या दिवशी कळलेले नसते, म्हणून दोन्ही द्यावी लागतात. ती एकाच सिरिंजमध्ये भरत नाहीत, कारण एकत्र आली की साका धरतात. बाजारात मिळणारी व्हँकोमायसिनची कुपी शिरेतून देण्यासाठी बनवलेली असते, त्यामुळे डोळ्यासाठी ती विरळ करावी लागते. ५०० मिलिग्रॅमच्या कुपीत १० मिलिलिटर द्रव घालायचा, त्यातला १ मिलिलिटर काढून त्यात आणखी ४ मिलिलिटर मिसळायचा. आता दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध आहे, आणि त्याचा दहावा भाग म्हणजे नेमका १ मिलिग्रॅम. शाळेतल्या गणिताएवढीच ही आकडेमोड आहे, पण घाईगर्दीच्या रात्री त्यात एक शून्य इकडचे तिकडे झाले तर डोळा वाचवायला दिलेले औषधच पडदा जाळू शकते.

आता हिशेब पाहा. १ मिलिग्रॅम औषध ४ मिलिलिटर जेलमध्ये पसरले, तर दर मिलिलिटरला २५० मायक्रोग्रॅम एवढी तीव्रता होते. नेहमीच्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंची वाढ रोखायला १-२ मायक्रोग्रॅम पुरतात. म्हणजे सुरुवातीला गरजेच्या शंभर पटींहून जास्त औषध तिथे असते. इतका मोठा साठा का, याचे कारण पुढे येईल. तो साठा पहिल्या मिनिटापासून कमी होऊ लागलेला असतो.

टाकी, नळ आणि पंप

कल्पना करा की पाण्याची एक टाकी आहे. तिला पुढच्या बाजूला एक बारीक नळ आहे आणि मागच्या भिंतीत पंप बसवलेले आहेत. टाकीत रंग ओतला, तर तो या दोनच मार्गांनी बाहेर जाईल. डोळ्याचे जवळपास असेच आहे.

पुढची वाट म्हणजे नळ. जेलमधले औषध हळूहळू पसरत भिंगाच्या कडेने पुढे येते आणि पुढच्या पाण्यात मिसळते. हे पाणी डोळा सतत नवे तयार करत असतो, दर मिनिटाला सुमारे २ ते अडीच मायक्रोलिटर, आणि तेवढेच पाणी बुबुळाच्या मुळाशी असलेल्या बारीक चाळणीतून रक्तात निघून जात असते. त्या प्रवाहात सापडलेले औषधही त्याच्याबरोबर जाते. प्रवाह चालू असला तरी त्याच्यापर्यंत पोहोचणे वेळखाऊ आहे, कारण भिंगाने वाट बरीचशी अडवलेली असते आणि जेलमध्ये औषधाला स्वतःच पसरत यावे लागते.

मागची वाट म्हणजे पंप. पडद्याच्या पेशींमध्ये आणि त्यामागच्या रंगद्रव्याच्या थरात काही प्रथिने अशी असतात की विशिष्ट प्रकारचे रेणू पकडून ती रक्ताच्या बाजूला ढकलतात. त्यांना वाहक म्हणतात. हे काम ऊर्जा खर्च करून होते, आपोआप होत नाही. पडद्याचा विस्तार मोठा आणि त्यामागचा रक्तप्रवाह जोरदार, त्यामुळे ज्या औषधाला हे पंप उचलतात ते भराभर कमी होते.

कोणते औषध कुठून जाईल हे त्याच्या रेणूवर ठरते. व्हँकोमायसिनचा रेणू मोठा आहे, साधारण १,४५० डाल्टन (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक). पडद्याच्या सांधलेल्या पेशींतून त्याला जाता येत नाही. जेंटामायसिन आणि अमिकासिन या डोळ्यात टोचल्या जाणाऱ्या आणखी दोन प्रतिजैविकांचे रेणू तितके मोठे नाहीत, पण त्यांच्यावर धन विद्युतभार असतो आणि ते मेदात विरघळत नाहीत, म्हणून पेशींच्या आवरणातून तेही जात नाहीत. या सगळ्यांना पुढचा नळच उरतो, आणि ती डोळ्यात बराच काळ टिकतात. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे आणि त्यांची भावंडे असलेली सेफॅझोलिनसारखी औषधे यांच्यावर ऋण भार असतो, आणि पडद्यातले पंप नेमके असलेच रेणू उचलतात. ती लवकर संपतात.

हे पंप खरोखर आहेत हे कसे कळले? इथे प्रोबेनेसिड नावाचे औषध उपयोगी पडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिन इतके दुर्मिळ होते की रुग्णांच्या लघवीतून ते परत मिळवून वापरत. मूत्रपिंड ते झपाट्याने बाहेर टाकत असल्यामुळे त्याला अडवणारे काहीतरी शोधण्याचा प्रयत्न सुरू झाला, आणि त्यातून पुढे प्रोबेनेसिड आले. ते मूत्रपिंडातले पंप अडवते. हेच औषध दिल्यावर प्राण्यांच्या डोळ्यात टोचलेले सेफॅझोलिन कितीतरी जास्त वेळ टिकले. जेंटामायसिनसारख्या पुढच्या वाटेने जाणाऱ्या औषधांच्या बाबतीत प्रोबेनेसिडने असा फरक पडत नाही. पडद्यात आणि मूत्रपिंडात एकाच जातीचे पंप असावेत, याचा हा चांगला पुरावा मानला जातो.

दाह झाला की दोन गोष्टी एकदम बिघडतात

दाह म्हणजे जंतू किंवा इजा यांना शरीराने दिलेले उत्तर: लाली, सूज, ठणका आणि त्या जागी धावून आलेल्या पांढऱ्या पेशींची गर्दी. या पेशींना रक्तवाहिनीतून बाहेर पडता यावे म्हणून शरीर वाहिन्यांच्या पेशींमधले सांधे सैल करते. हाताला फोड आला तर तेवढ्याने बिघडत नाही. डोळ्यात मात्र ज्या सांध्यांवर सगळी तटबंदी उभी होती तेच सैल होतात. रक्तातली प्रथिने जेलमध्ये पाझरतात, जेल गढूळ होते, आणि बाहेरून आत येणाऱ्या गळतीबरोबर आतून बाहेर जायलाही फटी मिळतात.

आपल्या टाकीच्या भाषेत बोलायचे तर भिंतींना तडे गेले. ज्या औषधाला आजवर फक्त बारीक नळ होता, त्याला आता भिंतीतून झिरपून जाण्याची सोय झाली. म्हणून व्हँकोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन सुजलेल्या डोळ्यातून निरोगी डोळ्यापेक्षा लवकर कमी होतात.

त्याच वेळी दुसरी गोष्ट घडते. पडद्याच्या पेशी स्वतः आजारी पडतात. जिवाणूंची विषे, पांढऱ्या पेशींनी सोडलेली विकरे आणि बिघडलेला रक्तपुरवठा यांनी त्यांची ऊर्जा खचते, आणि ऊर्जेवर चालणारे पंप मंदावतात. ज्या औषधाला हे पंप भराभर उपसत होते, ते आता जास्त वेळ आत राहते. तडे त्यालाही मिळालेले असतात, हे खरे. पण चालू पंपाचा उपसा झिरपण्यापेक्षा इतका जास्त होता की तो बंद पडल्याची भरपाई तड्यांनी होत नाही.

सशांवरील प्रयोगांचे आकडे हा विरोध स्वच्छ दाखवतात. ते वाचण्यासाठी एक शब्द लागेल: अर्धायुष्य, म्हणजे औषधाचे प्रमाण निम्मे व्हायला लागणारा वेळ. निरोगी डोळ्यात जेंटामायसिनचे अर्धायुष्य सुमारे ३२ तास होते, दाह झालेल्या डोळ्यात ते १९ तासांच्या आसपास आले. सेफॅझोलिनचे निरोगी डोळ्यात साधारण साडेसहा तास होते, दाह झालेल्या डोळ्यात ते दहा तासांपर्यंत गेले. दाह तोच, एकाचा आकडा खाली, दुसऱ्याचा वर.

प्रत्येक औषध या दोन कप्प्यांत इतके नीट बसेल असे समजू नये. सेफ्टाझिडिम हे सेफॅझोलिनच्याच कुळातले, तरी प्रयोगांत त्याचे वागणे एवढे एकमार्गी दिसत नाही. मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखी औषधे मेदात सहज विरघळतात आणि पडद्यातून आरपार जातात. त्यांचे अर्धायुष्य मुळातच थोडे असते. कुळ पाहून अंदाज बांधता येतो, पण शेवटी एकेका औषधाचे मोजमाप करावेच लागते.

डोळ्याचा दाब तर उतरलेला असतो, मग पुढची वाट मंदावत नाही का?

हा आक्षेप मला फार रास्त वाटतो आणि तो क्वचितच घेतला जातो. दाह झाला की पुढचे पाणी तयार करणारी ऊतीही आजारी पडते, पाणी कमी बनते, पुष्कळदा डोळा मऊ पडतो. नळातला प्रवाह मंदावला तर व्हँकोमायसिन उलट जास्त टिकायला हवे. नळापुरते हे बरोबरच आहे. पण तडे गेलेल्या टाकीत एकटा नळ किती पाणी सोडतो याला फारसे महत्त्व राहत नाही. बुबुळाच्या आणि पडद्याच्या रक्तवाहिन्या गळू लागल्या की नवे मार्ग इतके मिळतात की एकूण हिशेबात औषध लवकरच जाते. दाह ओसरला, सांधे पुन्हा आवळले, की चित्र परत पालटते. म्हणजे पहिल्या दिवशीचा वेग आठव्या दिवशी लागू होत नाही.

किती दिवस पुरेल, याचा कच्चा हिशेब

व्हँकोमायसिनची सुरुवातीची तीव्रता २५० मायक्रोग्रॅम धरली होती. ती निम्मी होत गेली तर १२५, ६२, ३१, १६, ८ आणि ४. म्हणजे सहा वेळा निम्मी झाल्यावर ती ४ मायक्रोग्रॅमवर येते, आणि इथवर औषध परिणामकारक मानायला हरकत नाही. समजा अर्धायुष्य ३० तास आहे; सहा पट म्हणजे १८० तास, साडेसात दिवस. समजा तीव्र दाहामुळे ते १२ तासांवर आले. सहा पट म्हणजे ७२ तास, तीन दिवस. एकाच मात्रेचा पुरवठा असा निम्म्याहून खाली येतो. सुरुवातीला शंभर पट साठा ठेवण्याचे कारण इथे दिसते. डोळा किती गळणार आहे हे आधी कोणाला सांगता येत नाही, म्हणून निम्मे होण्याच्या सहा-सात पायऱ्या हाताशी ठेवाव्या लागतात.

हा हिशेब कच्चा म्हणण्याचे कारणही सांगायला हवे. टोचलेले औषध जेलमध्ये लगेच सारखे पसरत नाही. काही तास ते टोचल्या जागी दाट आणि दूर विरळ असते. काही औषध गळून आलेल्या प्रथिनांना चिकटते, आणि चिकटलेले औषध जिवाणूंवर काम करत नाही. जेंटामायसिनसारखी औषधे डोळ्यातल्या रंगद्रव्यालाही धरून राहतात. त्यामुळे मोजलेली तीव्रता आणि उपयोगी तीव्रता यांत फरक पडतो.

भिंती गळतच असतील, तर शिरेतून औषध का देत नाहीत?

तडे दोन्ही दिशांना आहेत, मग रक्तातले औषध आत येईलच की. येतेही; सुजलेल्या डोळ्यात ते निरोगी डोळ्यापेक्षा जास्त येते. प्रश्न पुरेसे येते का, हा आहे. रक्तातली तीव्रता सुरक्षित मर्यादेत ठेवावी लागते आणि त्यातला काही भागच जेलमध्ये उतरतो, तोही किती उतरेल याचा नेम नाही. सुईने मिळणारी शेकड्यांतली तीव्रता त्या मार्गाने गाठता येत नाही.

या प्रश्नावरची सर्वांत गाजलेली चाचणी अमेरिकेतील एंडोफ्थाल्मायटिस व्हिट्रेक्टॉमी स्टडी. तिचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. मोतीबिंदूच्या किंवा भिंग बसवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर संसर्ग झालेले ४२० रुग्ण त्यात होते. सर्वांना डोळ्यात व्हँकोमायसिन आणि अमिकासिन टोचले गेले. चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून त्यांतल्या काहींना शिरेतूनही प्रतिजैविके दिली गेली. शिरेतल्या औषधाने अंतिम दृष्टीत फरक पडला नाही. या निष्कर्षावर टीकाही झाली. शिरेतून दिलेली औषधे, सेफ्टाझिडिम आणि अमिकासिन, ही त्या रुग्णांत प्रामुख्याने सापडलेल्या जिवाणूंवर फारशी धारदार नव्हती; दुसरी औषधे वापरली असती तर निकाल वेगळा आला असता का, ही शंका वाजवी आहे. तरीही डोळ्यातली सुई हाच उपचाराचा कणा, यावर त्या चाचणीनंतर मोठा वाद उरला नाही.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. संसर्ग बाहेरून न येता शरीरात दुसरीकडे असलेल्या रोगातून, म्हणजे रक्तावाटे, डोळ्यात आला असेल तर शिरेतले औषध अत्यावश्यक ठरते, कारण तिथे डोळ्यापेक्षा मोठा धोका जिवाला असतो.

लवकर संपते, तर जास्त का टोचत नाहीत? रोज का देत नाहीत?

कारण पडदा. जिवाणूंना मारणारी तीव्रता आणि पडद्याच्या पेशींना इजा करणारी तीव्रता यांच्यामधली जागा अरुंद असते, आणि काही औषधांत तर फारच अरुंद. अमिकासिनची डोळ्यातली मात्रा ०.४ मिलिग्रॅम आहे. जेंटामायसिन किंवा अमिकासिनने पडद्याच्या मध्यावरच्या, सर्वांत बारीक पाहणाऱ्या भागातल्या रक्तवाहिन्या बंद पडून दृष्टी कायमची गेल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. सेफ्टाझिडिमने त्यांची जागा बरीचशी घेतली, ती यामुळेच. व्हँकोमायसिनबाबत वेगळीच एक विरळ आपत्ती आढळली आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत संसर्ग टाळण्यासाठी म्हणून ते डोळ्यात सोडलेल्या काही रुग्णांमध्ये, काही दिवसांनी पडद्याच्या वाहिन्यांना सूज येऊन त्या बंद झाल्या आणि रक्तस्राव झाला. हा मात्रेचा दोष नसून शरीराच्या प्रतिकारयंत्रणेची प्रतिक्रिया असावी असे मानतात.

इथे दाहाची दुसरी बाजू लक्षात घ्यावी लागते. पंपाने जाणारे औषध सुजलेल्या डोळ्यात रेंगाळते, तेव्हा घाईने दुसरी मात्रा दिली तर पहिलीचा शिल्लक साठा आणि नवी मात्रा यांची बेरीज होते, आणि ती बेरीज आधीच दुखावलेल्या पडद्याला सोसावी लागते. नळाने जाणाऱ्या औषधाबाबत उलट. तिथे फार थांबले तर जिवाणूंना मोकळीक मिळते. दुसरे इंजेक्शन कधी, या प्रश्नाला सगळ्या औषधांसाठी एकच उत्तर असू शकत नाही, ते यामुळे.

सशाचा डोळा आणि माणसाचा डोळा

वरचे बहुतेक आकडे सशांचे आहेत. माणसाच्या डोळ्यातून दर सहा तासांनी जेल काढून मोजणे शक्य नाही. उपचारासाठी नमुना घ्यावा लागतो तेव्हाच एखाददुसरा आकडा मिळतो. सशाच्या डोळ्यात जेल सुमारे दीड मिलिलिटर असते, भिंग त्या मानाने मोठे असते, आणि पडद्यातल्या रक्तवाहिन्या एका पट्ट्यापुरत्याच असतात. अंतरे लहान असल्यामुळे औषध तिथे लवकर कडेला पोहोचते. माणसाच्या डोळ्यात तेच औषध साधारणपणे जास्त टिकेल असा अंदाज धरतात. तेव्हा सशाचे तास जसेच्या तसे माणसाला लावू नयेत; कोणता आकडा कोणत्या दिशेला सरकला, हे मात्र विश्वासाने घ्यावे.

आधी झालेल्या शस्त्रक्रियेनेही वेग बदलतो. भिंग काढलेले असेल तर पुढच्या वाटेतला अडसर जातो. जेलच काढून त्या जागी खारे पाणी भरलेले असेल, तर औषधाला रेंगाळायला धाग्यांचे जाळे उरत नाही, आणि ते आणखी लवकर निघून जाते. काही डोळ्यांत पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर सिलिकॉन तेल भरून ठेवतात. औषध तेलात विरघळत नाही, तेल आणि पडदा यांच्यामधल्या पातळ पाण्याच्या थरात गोळा होते, आणि नेहमीची मात्रा तिथे घातक ठरू शकते. अशा डोळ्यात डॉक्टर मात्रा बरीच कमी करतात.

दोन दिवसांनी डॉक्टर काय पाहतात

वर सांगितलेल्या चाचणीत रुग्णांची फेरतपासणी पहिल्या उपचारानंतर ३६ ते ६० तासांच्या दरम्यान होत असे, आणि डोळा बिघडत चाललेला असेल तर पुन्हा टोचत. आजही निर्णय साधारण त्याच वेळेला होतो, आणि आता त्या वेळेचे कारण दिसते. लवकर जाणाऱ्या औषधाचा साठा तोवर बराच उतरलेला असतो, आणि पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्यात जिवाणू उगवला असेल तर तो कोणत्या गटातला आहे हेही कळलेले असते. तो व्हँकोमायसिनच्या कक्षेतला निघाला तर सेफ्टाझिडिम पुन्हा देण्याचे कारण उरत नाही. दोनपैकी एकच औषध परत देतात, ते बहुधा यासाठी.

रुग्णाला या टप्प्यावर सर्वांत घाबरवणारी गोष्ट म्हणजे पहिल्या दिवशी डोळा आणखी लाल दिसतो. औषधाने जिवाणू फुटतात, त्यांचे तुकडे आणि विषे बाहेर पडतात, आणि ती मेलेली सामग्रीही दाह चालू ठेवते. जेल निर्जंतुक झाले तरी लाली काही दिवस राहू शकते. म्हणून डॉक्टर लालीपेक्षा इतर खुणांवर भर देतात. ठणका कमी झाला का, हे आधी विचारतात. मग स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, बुबुळाच्या पुढच्या जागेत तळाशी साचलेल्या पुवाची पांढरी रेषा कालपेक्षा खाली आली की वर चढली, हे मिलिमीटरमध्ये मोजतात. शेवटी बाहुलीतून आत प्रकाश टाकून पडद्याची लालसर चमक परत येताना दिसते का, ते पाहतात. चमक परत येत असेल आणि पुवाची रेषा उतरलेली असेल, तर दुसरी सुई बहुधा लागत नाही.